भागाबाईच्या परातीतले गव्हले

...तर आमची सूनबाई मोहिनी पदर खोचून अंगणवाडीकडं निघाली, नेमकी इथंच काल तुम्हाला जेवायला हाक आली. मीही काठी उचलली. असला तमाशा सोडतो होय!

भानगड आमच्या नातवानं केली. अपूर्व, चार वर्षांचं लेकरू. घरी येऊन म्हणालं, "आज आमी लग्नाचे गव्हले केले." गव्हले तुम्हाला ठाऊकच. भिजवलेल्या रव्याचे गव्हाएवढे दाणे, लग्न ठरलं की बाया बोटांनी वळत बसतात. आणि अंगणवाडीच्या भागाबाईच्या पोरीचं लग्न नुकतंच ठरलेलं! झालं. नळावर बोभाटा, की ही बाई शिकवायचं सोडून लेकरांकडून घरचं काम करून घेते. सगळ्यांनी आपापली पोरं काढून वसमतच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलंसुद्धा. पोरंच न्हाईत तर अंगणवाडी उघडायची कुणासाठी?

भागाबाईचं माहेर सिद्धेश्वरकडचं. बापाची मेंढरं, परकराच्या वयापासून लोकर कातलेली बाई. कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी घेतलं.

"मावशी, पाटी सोडून लेकरांच्या हातात रवा काहून देऊन राहिल्या?" मोहिनी कडाडली.

भागाबाईनं परात पुढं सरकवली. काय सांगू! एक गव्हला अळीसारखा, एक बोराएवढा, एकावर चक्क दात उमटलेले.

"हे मांडवात मांडले तर नवरदेव वेशीतूनच पळंल, हे जातेत कोंबड्यांना," भागाबाई म्हणाली. "अगं, चिमटीत जोर आला म्हंजे पेन्सिल धरता येती. नुसतं वळा म्हटलं तर पळून जातेत. लग्नाचे म्हटलं की कशी मानकऱ्यावानी बसतेत बघ."

मानकऱ्यांपैकी आमचा एक तेव्हा सदऱ्याचं बटन लावत होता. जीभ बाहेर, डोळे बटनावर. लागलं! दुसऱ्याच काजात लागलं, पण स्वतःच्या हातानं. घरी आजवर मोहिनीच लावायची.

ती बघतच राहिली. मग हसली, आणि तिच्यामागं तमाशा बघायला दारात जमलेल्या सगळ्याच बाया.

"मावशी, चुकलं. पोरगं इथंच राहील. तुमच्या पोरीचे खरे गव्हले वळायला मी येऊ?"

भागाबाईनं तिच्या वाढवलेल्या नखांकडं पाहिलं.

"ये की माय, पण आधी लेकरांच्या ओळीत बस. अपूर्वपेक्षा सरस वळलंस तर मांडवात, न्हाई तर तुझे बी कोंबड्यांना!"