दाराशी बसणारी कोळीण

बोईसरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत ती दर रविवारी चिंचणीहून यायची. मासळीची पाटी बाहेर ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि वासाचा कुणाला त्रास नको म्हणून दाराशीच बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. पास्टर म्हणून माझा संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना तिची बोटं मांडीवर जाळं विणल्यासारखी हलत.

एका रविवारी मी बायबलमधल्या, येशूचा कोळी शिष्य पेत्र याला रात्रभर मासा मिळाला नाही त्या उताऱ्यावर बोललो. माझ्या जाडजूड इंग्रजी भाष्यात होतं तेच ठासून सांगितलं : सकाळी पेत्र आणि त्याचे सोबती जाळी धूत होते, म्हणजे त्यांनी आशा सोडली होती.

नंतर चपला घालताना ती म्हणाली, "पास्टर, जाळी धुतात ती उद्या परत जायाचं म्हनून. आशा सोडलेला मानूस धूत नाय, तशीच टाकून घरी जातो."

"मावशी, मोठ्या विद्वानांनी लिहिलंय ते," मी हसून म्हणालो.

"असंल," म्हणत तिने पाटी उचलली. पुन्हा ती आली नाही.

तिचं वाक्य मी भाष्याच्या समासात पेन्सिलीने लिहूनही ठेवलं. आणि पुढच्या महिन्यात पालघरला तोच संदेश जसाच्या तसा दिला. तिथे कधी जाळं हातात धरलेलं कुणीच नव्हतं. सगळे जोरात आमेन म्हणाले.