नाकारलेला व्यवहार

आईचं ट्रॅव्हल कार्ड काढायला आम्ही दोघी दादरला, हिंदमाताजवळच्या एका परकीय चलनाच्या दुकानात गेलो होतो. खाली साड्यांचं दुकान आणि वर, पहिल्या मजल्यावर, हे. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. गिरगावात, खोताच्या वाडीजवळच्या आमच्या जुन्या घरात ती एकटीच राहायची, कोणाचं ऐकायची नाही. एक दिवस तिनं मला फोनवर सांगून टाकलं की ती दादरच्या एका टूर कंपनीबरोबर युरोपला चालली आहे. पैसे भरून झाले होते. मी फक्त कार्डाचं बघायचं होतं.

काउंटरवरच्या मुलीनं नीट समजावलं. एकाच कार्डात युरो वेगळे भरायचे, स्विस फ्रँक वेगळे. ज्या देशात असाल तिथलं चलन आपोआप वापरलं जातं. छोट्या खरेदीला कार्ड मशीनवर नुसतं टेकवायचं, मोठ्या खरेदीला चार आकडी पिन टाकायचा. मग तिनं मोबाइल नंबर विचारला. आईनं सांगायला तोंड उघडलं आणि थांबली. मी पटकन माझा नंबर दिला.

"तिकडे तुझं सिम चालणार नाहीये, आई. मेसेज माझ्याकडे येऊ देत."

"पिन कुठे लिहून ठेवू नका हं, आजी," ती मुलगी म्हणाली. "लक्षातच ठेवा."

"हिला सांगताय?" मी हसत म्हटलं. आईनं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. अर्ध्या गिरगावचे नंबर तिला पाठ होते. आमच्या मजल्यावरचे लोक डिरेक्टरी चाळायच्या आधी आमच्या दारात यायचे.

आई हसली नाही. जिना उतरताना तिनं विचारलं, "नुसतं टेकवलं की झालं ना? पिन नाही लागत ना?"

"छोट्या खरेदीला नाही लागत."

खाली टॅक्सीला हात करताना तिनं तेच विचारलं. लालबागच्या पुलावर पुन्हा एकदा. पहिल्यांदाच परदेशी चालली आहे, धास्तावली असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी तेव्हा ऑफिसच्या ईमेल वाचत होते.

ती गेली आणि माझ्या फोनवर मेसेज यायला लागले. पॅरिसमध्ये कॉफी. कुठल्याशा म्युझियमच्या दुकानात काहीतरी. मग एका छत्रीच्या दुकानाचा मेसेज आला आणि मला कळलं की तिथे पाऊस पडतोय. मला गंमत वाटायची. आई कधी फोनवर फारसं सांगायची नाही. हॉटेलच्या वायफायवरून दोन मिनिटं बोलायची. पण आता ती कुठे थांबली, किती वाजता चहा प्यायली, सगळं मला समजत होतं. तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालल्यासारखं.

चौथ्या दिवशी एकाच मेडिकलच्या दुकानातून लागोपाठ दोन मेसेज आले, एकाच रकमेचे. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. एक आमच्या खोलीतल्या बाईंसाठी." तिच्या खोलीत परळच्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. मला ते पटलं.

सातव्या दिवशी त्यांचा ग्रुप स्वित्झर्लंडमध्ये, ल्युसर्नला होता. मी लोअर परळच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. आमच्याकडे दुपारचे अडीच, तिकडे अकरा. मेसेज आला: भेटवस्तूंचं दुकान, अडतीस फ्रँक. मी फोन उलटा ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा कंप झाला. तेच दुकान, अडतीस फ्रँक. मग तिसऱ्यांदा तेच. त्यानंतर आला तो वेगळा होता: चुकीचा पिन. लगेच आणखी एक: चुकीचा पिन, एकच प्रयत्न शिल्लक. आणि शेवटी कुठल्याशा लांबलचक जर्मन नावाच्या कंपनीला थोडी रक्कम गेल्याचा मेसेज.

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. रस्त्यावर तिला वायफाय नव्हतं, फोन लागणारच नव्हता, तरी तीनदा लावला. टूर मॅनेजरचाही लागेना. तो अर्ध्या ग्रुपला घेऊन केबल कारनं डोंगरावर गेला होता, हे नंतर कळलं.

शेजारच्या टेबलवरचा सहकारी माझ्या खांद्यावरून मेसेज वाचून म्हणाला, "अगं, सरळ दिसतंय. कार्ड मारलंय कोणीतरी. टेकवून टेकवून बघतोय, मग एटीएमवर पिन ट्राय केला. ब्लॉक कर आधी."

मी कार्डाचं ॲप उघडलं आणि कार्ड तात्पुरतं बंद केलं. एका बोटाचं काम. मला हायसं वाटलं.

पन्नासेक मिनिटांनी एक मेसेज आला. व्यवहार नाकारला, कार्ड बंद आहे. चार फ्रँक आणि काही. मी तो सहकाऱ्याला दाखवला. "बघ, चोराची चहाची पण पंचाईत झाली," तो म्हणाला आणि आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पाच वाजता टूर मॅनेजरचा फोन आला.

"ताई, घाबरू नका. काकू तुमच्याशी बोलल्यात का?"

"नाही. का?"

"सगळ्यांना इथल्या वेळेनं साडेबाराला पुलाजवळ जमायचं होतं. सगळे आले, काकू नाहीत. तासभर झाला. आम्ही दुकानं बघितली, चर्च बघितलं. पोलिसांकडे जायचं म्हटलं तर पासपोर्टची कॉपी लागेल. पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये, त्यांच्याकडेच आहे. तुमच्याकडे आहे कॉपी?"

"तिच्या घरी असेल. कार्ड चोरीला गेलंय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही हो," तो म्हणाला. "त्यांच्याकडे रोख किती आहे?"

रोख फारशी नव्हती. मीच म्हटलं होतं, कार्ड असताना नोटा कशाला सांभाळायच्या.

टॅक्सी करून गिरगावला पोचेपर्यंत पावणेसहा झाले. घराची दुसरी चावी माझ्याकडे होती, पण आई नसताना मी त्या घरात अनेक वर्षांत गेले नव्हते. सगळं नीट होतं. गॅसजवळच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: बंद केला का? हात लावून बघ. मला वाटलं, आई सावध आहे. मग कागद ठेवायचं कपाट उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत चिठ्ठ्या होत्या. तिचं ते टपोरं, सरळ अक्षर. दूधवाला सकाळी येतो. सोमवारी औषध, डबीत बघ. हे गेले, आणि त्याखाली तारीख. शेजारच्या काकूंचं नाव, ज्यांच्याशी ती चाळीस वर्षं रोज बोलत होती. एका चिठ्ठीवर चार आकडे, खोडून पुन्हा चार, पुन्हा खोडून चार. आणि अगदी मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर: मुलगी, लालबागला राहते. खाली माझा फोन नंबर. त्याखाली माझं नाव.

मी ते नाव किती वेळ वाचत उभी राहिले ठाऊक नाही. पासपोर्टच्या कॉपीच्या फाइलमध्ये एका डॉक्टरचा कागदही होता, सात महिन्यांपूर्वीचा. ती एकटीच जाऊन आली होती. सगळं मला वाचता आलं नाही, पण जे वाचता आलं ते पुरेसं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चोर नव्हताच. दुकानात ती तीनदा गेली होती, कारण आधी जाऊन आल्याचं तिला आठवत नव्हतं. पिन तीच चुकवत होती. आणि चार फ्रँकसाठी ज्या कोणाचं कार्ड नाकारलं गेलं, ती माझी आई होती.

मी मेसेज पुन्हा उघडले. नाकारल्याच्या मेसेजमध्ये दुकानाच्या नावापुढे गावाचं नाव होतं. मघाशी मी ते वाचलंच नव्हतं. ते ल्युसर्न नव्हतं.

मी तो मेसेज टूर मॅनेजरला पाठवला आणि फोन लावला. "हे कुठे आलं?"

"अरे देवा," तो म्हणाला. "हे तळ्याच्या पलीकडे आहे, ताई. बोटीनं चाळीसएक मिनिटं."

"त्याच्या आधीचा मेसेज बघा. ती जर्मन नावाची कंपनी."

"बोटीचीच. तिकीट काढलंय त्यांनी."

मी कार्ड पुन्हा सुरू केलं आणि आईच्या पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आता एखादा मेसेज यावा, तिनं पाणी घ्यावं, काहीही घ्यावं, म्हणून. फोन हातात घट्ट धरला होता. खालच्या गल्लीत कोणी तरी माशांचा भाव करत होतं, शाळेतून आलेली पोरं ओरडत होती. मेसेज आला नाही. मला सारखं ते तळं दिसत होतं, मी कधी न पाहिलेलं, आणि त्याच्या काठानं पाण्याकडे बघत चाललेली आई. आता तिच्या मागे कोणीच नव्हतं. शेवटचा दुवा मीच तोडला होता.

सव्वासातला व्हिडिओ कॉल आला. मॅनेजर धापा टाकत होता. त्यानं फोन वळवला. एका बेकरीच्या बाहेरच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर कोणाची तरी निळी शाल. बेकरीवाल्या बाईनं पैसे न घेता तिला चहा आणि पाव दिला होता आणि पोलिसांना फोनही केला होता. आईच्या पर्समधून तीन सारख्याच लाकडी गाई डोकावत होत्या.

"अगं, रडतेस काय?" आई म्हणाली. "कार्ड चालेना म्हणून बसले. कुठेतरी बिघडलंय ते."

मी म्हटलं, पुढच्या विमानानं परत ये. ती ऐकेना. चार दिवस उरलेत, पैसे भरलेत, मी सगळं बघूनच येणार. शेवटी नर्सबाईंनी फोन घेतला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी आहे ना. हात सोडत नाही त्यांचा. दुसऱ्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं, खोली सापडत नव्हती त्यांना. पण त्यांनी शपथ घातली, मुलीला सांगू नका म्हणून. माझंही चुकलंच."

ती परत आली. विमानतळावर तिनं मला लांबूनच हाक मारली, नावानं. पुढच्या आठवड्यात आम्ही परळच्या एका हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी तिला वर्ष विचारलं, वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ती दोनदा वजा करू शकली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "झालं का?" एक्स्चेंजच्या रिटायरमेंटच्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर पाऊणशे नंबर न अडखळता म्हणून दाखवले होते.

घरी येताना मी तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"आई, कार्ड बिघडलं नव्हतं. मी बंद केलं होतं."

"का?"

"मला वाटलं, कोणीतरी चोरलंय."

ती टॅक्सीच्या खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "मग सापडला का चोर?"

"तुला माहीत होतं ना? तो डॉक्टरचा कागद मी बघितला. मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

नसतं जाऊ दिलं.

आता ती लालबागला माझ्याकडे असते. गिरगावच्या घराला कुलूप आहे. दिवसा एक बाई येतात. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की आम्ही गॅलरीत बसतो. सुरुवातीला मी तिला त्या दिवसाबद्दल विचारायची, माझ्या मनातलं ओझं कमी व्हावं म्हणून. तिला भीती वाटल्याचं आठवत नव्हतं. बेकरी आठवत नव्हती. बोट तेवढी आठवत होती. "वर उघड्यावर बसले होते," ती सांगायची, "लाल खुर्च्या होत्या. पाणी हिरवं होतं, वाऱ्यानं पदर उडत होता. शेजारी एक म्हातारा होता, तो काहीतरी बोलला आणि मी मान हलवली. तिथे मला कोणी काही विचारत नव्हतं, कळलं? काहीच आठवावं लागत नव्हतं."

ती हे पुष्कळदा सांगते. मी दर वेळी नव्यानं ऐकते. पण काही महिन्यांपूर्वी तिच्या सांगण्यातून लाल खुर्च्या गळल्या. मग तो म्हातारा गेला. परवा ती नुसतं म्हणाली, "पाणी होतं."

मी विचारलं, "आणि?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, एखाद्या सौजन्यानं बोलणाऱ्या परक्या बाईकडे पाहावं तसं, आणि मान हलवली.