ओलावा मोजणारी पेटी

विज्ञानाची पदवी घेऊन मी वकील झालो. त्यामुळे यवतमाळच्या बाररूममध्ये तारा, बॅटरी, रेडिओ असलं काही निघालं की कागद माझ्याकडे सरकत. पेटंटचं काम मी मागून घेतलं नव्हतं. ते अंगावर पडलं आणि पुढे त्यावरच पोट भरलं. पेटंट मिळवून देणं त्यातल्या त्यात सोपं. मिळालेलं टिकवताना माणूस थकतो. ज्याच्या धंद्याला ते खुपतं तो हायकोर्टात जातो, म्हणतो, यात नवं काही नव्हतंच, रद्द करा. मग 'नवं' या एका शब्दावर वर्षानुवर्षं भांडण चालतं.

असं माझं पहिलं भांडण एका मिस्त्रींचं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान, उंच बांधा, कानात अत्तराचा फाया, आणि बोलायला लागले की थांबत नसत. कापूस ओला की कोरडा हे तेव्हा दलाल मुठीत दाबून ठरवायचा आणि भाव पाडायचा. मिस्त्रींनी रेडिओचेच भाग जोडून एक पेटी केली. तिच्या दोन लांब सुया कापसात खुपसायच्या. ओलावा असला की काटा सरकायचा. अर्ज मी लिहिला. "ही याआधी चारचौघांत कुठं वापरली का?" असं मी विचारलंही होतं.

"नाही जी, घरीच करून पाह्यली," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पेटंट मिळालं. पुढे मुंबईच्या एका कंपनीनं तशीच पेटी विकायला काढली. आम्ही नोटीस दिली, तर कंपनीनं उलट नागपूरला हायकोर्टात पेटंट रद्द करण्याचा अर्ज टाकला. मग एसटीनं नागपूर, तारीख, परत. कळंबला गाडी थांबली की मिस्त्री खाली उतरून चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडत. "तुमच्या देवालेही सांगून पाहू," म्हणत. सुरुवातीला पेटी मांडीवर घेऊन येत. नंतर ती दुकानातच राहू लागली.

शेवटी कोर्टानं इकडच्या साक्षी यवतमाळातच नोंदवायला एका ज्येष्ठ वकिलांना नेमलं. त्यांच्या दिवाणखान्यात कंपनीनं घाटंजीकडच्या एका तांड्यावरची बंजारा बाई उभी केली. हातभर बलोती बांगड्या, कपाळावर गोंदण. मिस्त्रींना पाहताच तिचा चेहरा फुलला. कंपनीचा वकील गोड बोलून तिला विचारत गेला.

"दलाल म्हणे माह्या कापसाले पाणी मारलं," ती सांगू लागली. "मी म्हणलं, बापा, इथं प्यायले पाणी भेटत नाही, कापसाले कुठून मारू? तवा हा भाऊ आला. पेटीच्या सुया खुपसल्या. काटा हालला नाही! सारा बाजार पाहून राह्यला होता. दलालाची मान खाली."

"हे कधीचं?"

"आपला मुलूख मुंबई राज्यात गेला ना, त्याच हिवाळ्यातलं."

म्हणजे छप्पन्न साल. आमचा अर्ज त्यानंतरचा होता. भरबाजारात दाखवलेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी उरत नाही. मी उलटतपासणीला उठलो. अडाणी बाई, तिच्याकडून साल चुकवून घेणं अवघड नव्हतं. कुठून सुरुवात करायची तेही मनात ठरलं होतं. मिस्त्रींनी माझा कोट धरला.

"राहू द्या, वकीलसाहेब."

"अहो, सगळं जाईल."

"गेलं तर गेलं. ते माही बाजू घेऊन राह्यली. तिले खोटं पाडू नका." मग हळूच म्हणाले, "मी विसरूनच गेलतो पहा. तिच्यावर आळ घेतला म्हणून मधात पडलो होतो फक्त."

मी खाली बसलो. बाहेर ओट्यावर ती बाई आमच्याजवळ आली. "भाऊ, बरोबर सांगतलं ना म्या? तुह्या कामी पडलं ना?"

"लय चांगलं सांगतलं, बाई," मिस्त्री म्हणाले. तिला चहा पाजून ते घाटंजीच्या गाडीत बसवून आले.

पेटंट रद्द झालं. मी निकाल सांगायला गेलो तेव्हा ते एका रेडिओत डोकं घालून बसले होते. "म्हणजे आता कोणीही बनवू शकते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. मग पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

वरच्या कोर्टात जाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्या उन्हाळ्यात पेटंटचं एकही नवं काम मी घेतलं नाही. कागद उघडले की थकून डोळे मिटत. पावसाळ्यात पुन्हा कामं घेतली. दुसरं काही मला धड येत नव्हतं.