तेरा पावलं

ती घटना आठवली की आजही आधी डोळ्यांसमोर येते ती एक शेळी. मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. कारण या प्रकरणात आमच्या ठाण्याचीही एक चूक आहे. कोणाचं नाव घेणार नाही, पण चूक लपवणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. शेळ्या राखणारी साठीची एक मावशी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"माझी शेळी गाभडली, पोटातलं पिलू गेलं. तक्रार लिहून घ्या."

"मावशी, जनावरांच्या दवाखान्यात जा," अंमलदार म्हणाला.

"तिथूनच आले. डॉक्टर म्हणे, दचकली. आता दचकवणाऱ्याला बी डॉक्टरनंच धरावं का?"

अंमलदार हसला. मी तिला आत बोलावलं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या मुरुमाच्या खदानीत कोणीतरी फटाके वाजवतं, असं तिचं म्हणणं होतं. "सन न्हाई, लगीन न्हाई. काहून वाजवून राहिलेत? आन् फटाका एकदा वाजतो, मंग लई येळ थांबतो, मंग पुना एक."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं सांगणारा माणूस तक्रार अगदी रीतसर आणतो. विचित्र तक्रार घेऊन येणारा सहसा खरं बोलतो. स्टेशन डायरीला नोंद केली आणि माझ्या हवालदाराला घेऊन खदानीवर गेलो.

फटाक्याचा कागद कुठेच नव्हता. रिकाम्या पुंगळ्या होत्या, सतरा. पिस्तुलाच्या. विटांच्या रचलेल्या थरावर तेलाचा एक डबा ठेवला होता, असेच आणखी दोन जवळ पडले होते. पहिल्या डब्याला दोनच भोकं, तीही कडेला. दुसऱ्याला चार-पाच, विखुरलेली. तिसऱ्याची सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

मी घरातून कॉलेजात गेलेला पहिला. कॉलेजातल्या एनसीसीत पहिल्यांदा बंदूक हाती आली, आणि पुढे पोलीस मुख्यालयात दोन वर्षं मी नव्या शिपायांना पिस्तूल शिकवलं. मला शिकवणारे जुने हवालदार म्हणायचे, "लांबून चुकलास तर वाऱ्याला बोल लावशील. जवळून चुकलास तर आपलाच हात हलला, हे मानावं लागतं." म्हणून ते पाच मीटरवर उभं करायचे. सगळी भोकं तळहाताखाली आली की सातवर, मग दहावर. भोकं पसरली की पुन्हा पुढे बोलवायचे. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी पंचवीसवर जायची घाई असते. घाई करणाऱ्याला स्वतःची चूक कधी दिसत नाही. असं पुढे-मागे करत जो शिकतो, त्याच्या उभं राहण्याच्या खुणा जमिनीवर चार-पाच ठिकाणी दिसतात.

खदानीत खूण एकच होती. माती एकाच जागी तुडवून घट्ट झाली होती. मी तिथून डब्यापर्यंत चाललो. तेरा पावलं. टेपने मोजलं तर साडेनऊ मीटर. सात नाही, दहाही नाही.

"दहाच धरलं असंल सायेब, अंदाजानं," हवालदार म्हणाला.

पण अंदाज वाटत नव्हता. उभं राहायच्या जागेसमोर दगडांच्या दोन राशी होत्या, मध्ये वीतभर फट ठेवलेली. आणि डब्याची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी होती.

मी हवालदाराला सांगितलं, "हा नेमबाजी शिकत नाही. याच्या डोक्यात एक जागा आहे. हा खिडकीतून, तेरा पावलांवर बसलेल्या माणसाला मारणार आहे. आणि तिसरा डबा सांगतो की सराव संपला."

पुंगळ्या पंचांसमक्ष जप्त केल्या. वरिष्ठांना कळवलं. ते हसून म्हणाले, "डब्यावरून माणूस शोधा म्हणजे झालं." त्यांचंही खरं होतं. कोण मारणार ते माहीत नाही, कोणाला ते माहीत नाही, हातात फक्त अंतर.

चार दिवस मी हद्दीतल्या खिडक्या मोजत फिरलो. पिठाची गिरणी, ग्रामपंचायत, हॉटेलांचे बाक, हळद पॉलिश करायच्या शेड. अकरा पावलं, वीस पावलं, आठ पावलं. हवालदार म्हणाला, "सायेब, आता भूमी अभिलेखात बदली मागून घ्या."

पाचव्या दिवशी, मंगळवारी, एका फाट्यावर दाढी करायला बसलो. चार दिवसांची वाढली होती. न्हाव्याने फेस लावला, मी मान वर केली, आणि समोरच्या आरशात माझ्या पाठीमागे एक चौकोन दिसला. दुकानामागे नाही, दुकानासमोरच्या छोट्या मोकळ्या जागेपलीकडे. तिथे प्रवासी निवारा होता, रस्त्याकडे तोंड करून. त्याच्या मागच्या भिंतीची छोटी खिडकी नेमकी माझ्या डोक्याच्या रेषेत होती.

फेस तसाच ठेवून मी उठलो आणि चालत गेलो. खिडकीशी पोचलो तेव्हा तेरा पावलं झाली होती.

परत येऊन खुर्चीत बसलो. न्हाव्याला विचारलं, "इथं एकाच दिवशी, एकाच वेळेला येणारं गिऱ्हाईक कोण?"

"बुधवारी बाजार असतो. एक हळदीचा व्यापारी येतो, दुपारी एकच्या सुमारास. ठरलेलं."

"आणि त्या निवाऱ्यात कोण बसतं?"

वस्तरा थांबला. "आता तुमी इचारून राहिले म्हणून सांगतो. एक काका तीन बुधवार बसून राहिला. औंढ्याची बस येते, जाते. ह्यो काही चढत न्हाई. मी म्हणलं बी, काका, बस तुमच्यावर रुसली का? तर खिडकीतून इकडंच बघत राहिला."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला हवालदाराने वाटेतच थांबवून ठाण्यात बसवलं. मी साध्या कपड्यांत निवाऱ्यात जाऊन बसलो. साडेबाराला साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. बस आली आणि गेली.

"काका, बस गेली की."

"दुसरी येईल."

"आज तो येणार नाही," मी म्हणालो. "तेरा पावलं मी पण मोजली आहेत. खदानीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत राहिले. मी पिशवीवर हात ठेवला, त्यांनी आपला हात काढून घेतला. एवढ्यावरच ते संपलं. आत गावठी पिस्तूल आणि चार काडतुसं होती.

चौकशीत त्यांनी काहीही नाकारलं नाही. पिस्तूल देणाऱ्याचं नाव सांगितलं, त्याचा वेगळा तपास झाला. व्यापारी त्यांचा जावई होता. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी सासरच्या विहिरीत सापडली होती. आमच्याच ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि पाय घसरून पडली म्हणून कागद बंद झाला. मी यायच्या आधीची गोष्ट, पण ठाणं तेच.

मी विचारलं, "काका, तेराच पावलं काहून?"

"जागाच तेवढी व्हती सायेब. पर बरी व्हती. पाठमोरा बसतो त्यो. डोकं दिसतं, तोंड न्हाई. डबा आन् डोकं सारखंच." मग म्हणाले, "त्या तोंडात मी लग्नात घास भरवला व्हता. जवळून मला जमलं नसतं."

"मग तीन बुधवार का थांबलात? हात तर बसला होता."

हवालदाराने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, तो तसाच राहिला.

"खदानीत आरसा नव्हता," ते म्हणाले. "तिथं निवाऱ्यात पिस्तूल खिडकीला लावलं की आरशातून त्यो माझ्याकडंच बघायचा. फेस लावलेलं तोंड. मुंडावळ्या बांधल्यावानी दिसायचं. तीनदा मनाला म्हणलं, आता. तीनदा पिशवीत ठेवलं."

हवालदार उठून बाहेर गेला.

शस्त्र कायद्याखालचा गुन्हा मी नोंदवला. त्यात दयामाया केली नाही, आणि काकांनीही मागितली नाही. जाताना एवढंच म्हणाले, "माझं लिवलंत सायेब. पोरीचं बी नीट लिवा."

त्या संध्याकाळी मी मुलीचा बंद कागद काढला. घटनास्थळाचा पंचनामा दीड पानांचा होता. विहीर, पाण्याची खोली, पायऱ्या, चपला. घराचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो आणि सवयीने चालत सुटलो. विहिरीपासून घर सत्तर पावलं. त्या घराच्या दारापासून शेजारणीचं दार आठ पावलं.

शेजारीण भांडी घासत होती. मी विचारलं, तिने हात धुतले आणि सांगायला लागली. आदल्या संध्याकाळची मारहाण, रात्रभरचं रडणं, पहाटे विहिरीकडून ऐकू आलेला जावयाचा आवाज. सगळं तिला पाठ होतं.

"हे तेव्हा का सांगितलं नाही, बाई?"

"कोण आलं व्हतं इचारायला? तुमचे लोक हिरीवरूनच परत गेले."

वरिष्ठांची आणि न्यायालयाची परवानगी घेऊन तपास पुन्हा सुरू केला. शेजारीण कोर्टात डगमगली नाही. जावयाला शिक्षा झाली. काकांनाही झाली, त्यांनी ती भोगली. दोन्ही दोषारोपपत्रांवर सही माझीच होती, आणि दोन्हींबद्दल मला आज शंका नाही.

या प्रकरणातून काय शिकलो, असं कोणी विचारतं. नवं काहीच नाही. जुने हवालदार जे पिस्तुलाबद्दल सांगायचे, तेच. आम्ही त्या मुलीकडे विहिरीच्या काठावरून पाहिलं, म्हणून आमची चूक आम्हाला दिसली नाही. त्या घरापर्यंत आणि तिथून आठ पावलं पुढे गेलो असतो, तर तिच्या बापाला तेरा पावलं मोजावी लागली नसती.