पाठमोरी देवी

समजा, तुम्हाला देवीला रोज आंघोळ घालायची आहे, पण तिचा चेहरा तुम्ही जन्मात पाहिलेला नाही. ती भिंतीला नाक लावून उभी आहे. पाणी खांद्यांवरून सोडायचं, वेणीच्या पेडांत बसलेली धूळ काथ्याने काढायची, पाठ पुसायची की झालं.

देवळाच्या आवारातल्या सात देवळ्या धुणाऱ्या मावशीने हे काम अडतीस वर्षं केलं. सातव्या देवळीची कथा तिला सासऱ्यांनी सांगितली होती. ते गवंडी. देवीने सणाला धाकट्या बहिणीची वाट पाहिली. बहीण आली ती दिवे विझल्यावर. देवीने पाठ फिरवली ती कायमची. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला मावशी हीच कथा तिखटमीठ लावून सांगायची.

कारण तिचीही एक धाकटी बहीण होती. आई गेली तेव्हा ती तीन दिवसांनी उगवली. मावशीने तिला दारातूनच परत पाठवलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. आज सकाळीच भाची येऊन सांगून गेली होती, की माझ्या आईचं परवा हृदयाचं ऑपरेशन आहे, तिला एकदा तुला बघायचंय. मावशी देवळीकडे बोट दाखवून म्हणाली, "देवीने मान वळवली नाही, मी कशाला वळवू?" भाची निघून गेली.

दुपारी भिंतीची ओल काढायला एक तरुण गवंडी आला. त्याने आणि दोन गड्यांनी पहारी लावून मूर्ती सरकवली, आणि तिघेही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मावशी पुढे झाली.

देवी हसत होती. एक हात छातीपाशी, तळवा उघडा, 'ये' म्हणावं तसा. पाण्याने न झिजलेलं नाक कालच कोरल्यासारखं धारदार. मावशीच्या हातातला तांब्या सुटून घरंगळत पायरीवर गेला. तो कोणी उचलला नाही.

गवंड्याने बैठकीवरून हात फिरवला. कमळाची सगळी नक्षी भिंतीच्या बाजूला होती. "मावशी, नक्षी कोणी भिंतीला दाखवायला कोरत नाही. ही उलटी बसवलीय. बिचारीची मान अवघडली असेल."

मग त्याने बैठकीखालच्या चुन्यावरची माती झाडली. चुना ओला असताना कोणीतरी त्यात खूण ओढली होती: तीन ठिपके, खाली आडवी रेघ. मावशीने वाकून ती बोटाने चाचपली. तीच खूण तिच्या घरच्या पाट्याखाली होती. सासऱ्यांची. त्यांच्या तरुणपणी आवाराची फरशी नवी घातली, तेव्हा देवळ्यांतल्या मूर्ती काढून परत बसवल्या होत्या, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

म्हणजे देवी कधी रुसलीच नव्हती. आपली चूक झाकायला म्हाताऱ्याने कथा रचली, की लोकांनी रचलेली त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली? विचारायला ते उरले नव्हते.

"सरळ बसवू ना?" गवंड्याने विचारलं. मावशीने मान डोलावली. पदराने हात कोरडे केले, भाचीला फोन लावला.

"तुझ्या आईला फोन दे," ती म्हणाली. "मी तिला कधी विचारलंच नाही गं. त्या वेळी तिला तीन दिवस उशीर का झाला होता?"