समोरच्याचं शरीर

जगात आजवर जेवढे सासरे होऊन गेले, त्यांत जावयाला पाटावर बसवण्याआधी नियमानं चोप देणारे फक्त आमचे. बाकीचे जावई दिवाळीला सासुरवाडीला गेले की कुणी पायांवर पाणी घालतं, कुणी हातातली पिशवी घेतं. मी तळवड्याला पोचून सायकल भिंतीला टेकवतोय तोवर ओसरीवरून आवाज यायचा, "या जावईबापू. जरा गळा धरा माझा." मी पिशवी खाली ठेवायचो, टोपी काढून खुंटीला अडकवायचो आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांचा गळा धरायचो. पुढच्या क्षणी मी सारवलेल्या अंगणात गुडघ्यांवर. मग सासूबाई तांब्या घेऊन बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "अवो, आदी गूळपानी तरी घेऊ द्या पोराला." त्यावर सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "खाल्ल्याव पोटात मारू नये." आता शास्त्रच असं म्हणत असेल तर कोण काय बोलणार? धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारसे पदरात पडायचे ते खरं, पण तेही मार खाल्ल्यावर.

सासरे तळवड्याच्या तालमीचे वस्ताद होते आणि लोकल बोर्डाच्या शाळेत पोरांना कवायत शिकवायचे. पण कुस्ती त्यांना मनातून जरा हलकीच वाटायची. कुस्तीत दोघांनाही ठाऊक असतं की कुस्ती चालली आहे, त्यात काय मोठंसं! एखादा अवचित अंगावर धावून आला तर काय करायचं, ही त्यांची खरी विद्या. ती त्यांनी तरुणपणी चाकणच्या एका म्हाताऱ्या नालबंदाकडून घेतली होती. हे उस्ताद घोड्याच्या खुराला नाल ठोकता ठोकता सांगायचे, की जनावर असो नाहीतर इन्सान, कुठं लागलं की अंग कुठं वळणार हे खुदानं आधीच ठरवून ठेवलंय. सासऱ्यांनी ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरलं. हल्ला करणाऱ्याला ते चोर म्हणत नसत, गुंड म्हणत नसत. त्यांच्या तोंडी एकच शब्द, 'समोरचा'. "समोरच्याचं शरीर म्हंजी गणित हाय, जावईबापू. पोटात कोपर बसला की मानूस पुढं वाकणार. त्यो ठरवून वाकत न्हाई, त्याचं पोट त्याला वाकवतंय. नाकाव बसली की डोळ्यांत पानी आन् दोनी हात तोंडाव. नडगीव टाच बसली की समदा भार दुसऱ्या पायाव. मानंच्या बाजूला हाताची कड बसली की गुडघं ढिलं, गडी जाग्याव खाली बसतोय. ह्यात फरक न्हाई. राजा असो का रामोशी."

अशा माणसाबरोबर चारचौघांत जाणं म्हणजे परीक्षाच. देवळात कुणी देवाला वाकला की हे माझ्या कानाशी, "बगा, आसाच वाकतोय, कोपर बसल्याव." पंगतीत मिरची लागून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की ह्यांना नाक आठवायचं. न्हाव्यासमोर बसलेला माणूस मान वर करून गळा उघडा टाकतो, ह्याचं तर त्यांना इतकं वाईट वाटायचं की ते स्वतः उभ्यानं दाढी करून घेत. एकदा निघोज्याला आम्ही एका मयताला गेलो होतो. थोरला मुलगा दोन्ही हातांत तोंड धरून ओक्साबोक्शी रडत होता. सासरे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, आज तरी माणसासारखं दुःख होतंय. इतक्यात ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आता ह्याचं पोट पार उघडं हाय." मी उपरण्यात तोंड खुपसलं. लोकांना वाटलं, मास्तर फारच हळवे.

मास्तर म्हणजे मी. कुरुळीच्या शाळेत मी शिक्षक होतो आणि सोयरीक सांगून आली म्हणून वडिलांबरोबर तळवड्याला मुलगी बघायला गेलो होतो. तिथं मुलीच्या आधी मलाच बघितलं. चहाची कपबशी खाली ठेवली न ठेवली तोच मुलीचा बाप उठून म्हणाला, "पाव्हणं, या माझ्या अंगाव." माझ्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी देवाचं नाव घेऊन पुढं सरकलो, त्यांनी हात उचलला आणि मी भीतीनंच मटकन खाली बसलो. सासरे वडिलांकडे वळून म्हणाले, "पोरगं सरळ हाय. जसं लागलं तसं पडलं. पोरगी तुमची." लग्नानंतर महिन्याभरानं आमच्या मंडळींनी पोळी लाटता लाटता सांगितलं, "आबांचा हात लागायच्या आधीच तुम्ही बसला होता. मी दारातनं बघत होते." आणि मग लाटणं माझ्यावर रोखून, "आबांना कधी सांगाल तर बघा."

मी कशाला सांगतोय? उलट माझ्या हळूहळू ध्यानात आलं, की सगळं तळवडं माझ्याच वाटेनं चाललं होतं. आमच्याकडे जत्रेत शेवटची कुस्ती म्हाताऱ्या वस्तादाची असते. समोर कितीही दांडगा गडी असू दे, तो चार हात करतो आणि वस्तादानं पाय लावला की आपण होऊन पाठीवर जातो. उठून पाया पडतो, नारळ घेतो. ह्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही, ह्याला रीत म्हणतात. सासऱ्यांच्या शास्त्राला गावानं हीच रीत लावली होती. बरं, मारायच्या आधी ते काय होणार ते सांगत असल्यामुळं पडणाऱ्याला काही अवघडही जात नसे. गावचा न्हावी नडगीवर टाच बसली की एका पायावर तीन गिरक्या घ्यायचा. सायकल दुरुस्तीवाले चाचा गुडघेदुखीमुळं खाली बसू शकत नसत, म्हणून त्यांनी नाक आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. ते दोन्ही हात तोंडावर घेऊन "या अल्ला" म्हणायचे, की सासरे समाधानानं मान डोलवायचे. मला सात वर्षांत एकदाही लागलं नाही. हात यायचा, पण अंगाला टेकताना असा यायचा जसा आपण पिकलेला पेरू दाबून बघतो. पण त्या माणसाचं तोंड असं काही फुललेलं असायचं, की उभं राहायची छाती कुणाची होणार?

मग शाळेत सरकारी परीक्षा पास झालेला कवायतमास्तर आला आणि सासरे घरी बसले. सहा महिने ते ओसरीवर बसून होते. सासूबाई म्हशीच्या दुधावर घर ओढत होत्या. एरवी रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची नडगी बघणारा माणूस, आता मान वर करून बघेना. "मला कुनी ईच्यारलं न्हाई, जावईबापू," एवढंच एकदा म्हणाले. "येवढी ईद्या हाय. कुनी ईच्यारलंच न्हाई." त्याच सुमाराला पिंपरीच्या माळावर एका नव्या कारखान्याचे पाये खणायला घेतले होते आणि तिथं पहारेकऱ्यांचा जमादार पाहिजे होता. मी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला. 'स्वसंरक्षणविद्येत प्रवीण' असं लिहिल्यावर ते म्हणाले, "परवीनच्या खाली एक रेघ मारा." चार दिवसांनी बोलावणं आलं. घरात सणासारखं झालं. सासूबाईंनी फेट्याला खळ घातली, मी किरकोळ रजा काढली. समोरचा म्हणून अर्थातच मी जाणार होतो.

आणि तिथंच घात झाला. कारखान्याचा साहेब लष्करातून निवृत्त झालेला, बोलायला सरळ माणूस. त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?" सासरे अभिमानानं म्हणाले, "आमचं जावई." साहेब हसला. "मग ते नकोत. जावई सासऱ्यासमोर कसा उभा राहील?" सात वर्षांत गावात कुणाच्या तोंडून जे निघालं नव्हतं ते ह्या बाबानं पहिल्या वाक्यात काढलं. त्यानं खणणाऱ्या मजुरांतल्या एकाला हाक मारली. मराठवाड्यातून कामाला आलेला, माझ्या दुप्पट रुंदीचा गडी घमेलं टाकून आला आणि हात झटकत उभा राहिला.

सासऱ्यांनी साहेबाला समजावून सांगितलं, की कोपर बसला की हा पुढं वाकेल. गड्यानं सांगितल्याप्रमाणं त्यांचा गळा धरला. सासऱ्यांनी कोपर मारला आणि पुढच्या कृतीसाठी दोन पावलं मागं सरून थांबले. गडी तसाच उभा. मग त्यानंच अदबीनं विचारलं, "कवा मारनार हाव, मालक?"

मजूर हसले. सासऱ्यांनी फेटा सावरला, "आता मान" म्हणाले आणि हाताची कड चालवली. गड्यानं माशी बसल्यासारखी मान खाजवली. सासऱ्यांनी पुन्हा एकदा हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेलं शेत सरकारी नकाशात दुसऱ्याचंच निघावं, तसं ते बघत होते. तो चेहरा त्या गड्यानंही बघितला. त्याच्याही गावात जत्रा भरत असणार, त्यानंही कुणा म्हाताऱ्या वस्तादाला मान दिला असणार. "आई गं!" असं मोठ्यानं म्हणून तो धाडकन पडला. पण पडला तो त्याच्या गावच्या रीतीनं. मानेवरच्या फटक्यानं चक्क पाठीवर, चारी मुंड्या चीत!

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाला मजा वाटली असावी, किंवा दया आली असावी. तो म्हणाला, "ठीक आहे वस्ताद. एक तारखेपासून या." मी मनातल्या मनात हात जोडले. आणि आमचे सासरे, शहाणे, काय म्हणाले असतील?

"न्हाई सायेब. ह्यो खोटा पडला."

मी त्यांचा पाय दाबला. म्हटलं, "मामा, गप बसा हो." छे! "मानंव बसली तर मानूस जाग्याव खाली बसतोय. आसा उतानी पडत न्हाई. ह्येनं माझी लाज राखाय अंग टाकलंय." पडलेला गडी उठून अपराध्यासारखा धूळ झटकायला लागला. साहेबानं विचारलं, "म्हणजे तुमचा फटका बसलाच नाही म्हणायचं?" "न्हाई बसला," ते म्हणाले. साहेबानं त्यांच्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परत येताना मी सायकल चालवत होतो आणि ते मागं कॅरिअरवर. निगडी मागं पडली. मग पाठीमागून आवाज आला, "जावईबापू, तुमी सात वरसं पडताय. येकदाबी चुकीचं पडला न्हाईत." ह्या माणसाचं उभ्या आयुष्याचं शास्त्र तासाभरापूर्वी मातीत गेलं होतं. निदान माझ्यापुरतं तरी ते राहावं म्हणून मी म्हणालो, "लागायचं ना मामा. चांगलंच लागायचं."

मला वाटलं, खूश होतील. तर त्यांनी चालत्या सायकलवरून उडी मारली. मी ब्रेक लावून वळलो, तर रस्त्यात उभे, डोळे भरलेले. "लागायचं? आन् तुमी बोलला न्हाई कदी? कुटं लागायचं?" असं म्हणत ते माझ्या बरगड्या चाचपायला लागले. "दिवाळीला घरी आल्यालं पोर, आन् मी गाढव मारत सुटलो," ते म्हणत होते. "पोरगीबी काय बोलली न्हाई मला..." माझ्यानं ते बघवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "नाही हो मामा. खोटं बोललो मी. एकदासुद्धा लागलं नाही. तुम्ही आधी सांगायचात, तसा मी पडायचो. आम्ही सगळेच."

आता हा माणूस माझ्याशी कायमचा बोलायचा थांबणार, असं मी धरून चाललो होतो.

"कदीच न्हाई लागलं?"

"कधीच नाही. आईशप्पथ."

त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं, बाबा." आणि पुन्हा कॅरिअरवर बसले.

नोकरी गेली होती, उस्तादांची विद्या गेली होती, घरी सासूबाई दारात उभ्या असणार होत्या. आणि हा माणूस मागं बसून तळवडं येईपर्यंत दर थोड्या वेळानं आपल्याशीच म्हणत होता, बरं झालं, बरं झालं. मी पायडल मारत होतो आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.