तीन शून्यांचा फोन

लाइल ट्रेगेन्झाला ज्यावर मत नाही अशी गोष्ट वॉलाबिन गावात अजून कुणाला सापडलेली नाही. चौतीस वर्षं त्याने टेलिफोन खात्यात खांबांवर चढून तारा जोडल्या, मग निवृत्त झाला आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटर मांडून बसला. तिथून तो इंटरनेटवर लिहायचा. नाव साधंच, 'लाइलची शेड'. इंटरनेटला जोडलेला फ्रिज बाजारात आला तेव्हा त्याने लिहिलं, आधी बिअर नीट थंड कर म्हणावं, मग गप्पा मारू. पावलं मोजणाऱ्या घड्याळाबद्दल लिहिलं की मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाला पावलं मोजायला वेळ कुठला. ताटातल्या जेवणाचे फोटो टाकणाऱ्यांवर तर त्याचा खास राग. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार, पण वाचायला मजा यायची हे नाकारून चालणार नाही. चारेकशे लोक वाचायचे, आणि गावातले बरेचसे त्याच्या शब्दावर खरेदी करायचे.

तो फोनही तसाच गावात आला. मोठी बटणं, खणखणीत आवाज, आठवडाभर टिकणारी बॅटरी, थेट परदेशातून मागवलेला. लाइलने त्याच्यावर लेख लिहिला, स्वतःला एक घेतला आणि गावातल्या सहा वयस्कर माणसांना सहा आणून दिले. त्याच सुमारास, ऑक्टोबरअखेर, देशातलं जुनं मोबाइल जाळं बंद होणार होतं. सरकार घसा फोडून सांगत होतं की आपापला फोन तपासून घ्या, काही फोनांवरून एरवीचे कॉल लागतील पण तीन शून्य लागणार नाही. तीन शून्य म्हणजे आग, ॲम्ब्युलन्स, पोलीस. लाइलने लिहिलं, "तपासायचं काय त्यात? बायकोला फोन लागतो ना? मग झालं. नवे फोन खपवायचे धंदे आहेत सगळे."

आता खरं तपासायचं तर तीन शून्य लावूनच बघायला हवं. पण ते इथे कुणी करत नाही. कुणाचा जीव धोक्यात असल्याशिवाय त्या नंबराला बोट लावायचं नाही हे पोरांना बालवाडीपासून शिकवतात, आणि एरवी एकही कायदा न पाळणारा माणूससुद्धा हा नियम पाळतो. त्यामुळे सात फोन सात खिशांत पडून होते आणि एकानेही तीन शून्य लावून पाहिलं नव्हतं. निदान लाइलची तशी समजूत होती.

जानेवारीतला, म्हणजे इकडे भर उन्हाळ्यातला, गुरुवार. सकाळी दहालाच पारा चाळिशीच्या वर, आणि गावाच्या वेशीवरच्या, आगीचा धोका दाखवणाऱ्या फलकाचा काटा शेवटच्या लाल पट्ट्यात. वारा वायव्येकडून, गरम, अंगावर धूळ फेकणारा. कापणी झालेल्या शेतांत गव्हाचं काड उभं होतं, आणि अशा दिवशी लोखंडावर लोखंड घासलं तरी आग लागायला पुरे होतं. लाइल शेडमध्ये पंखा लावून बसला होता. आदल्या रात्री आलेल्या प्रतिक्रिया वाचत होता. त्यातली एक रोझलिन नावाच्या बाईची होती.

तिने लिहिलं होतं की डिसेंबरच्या सुरुवातीला तिचे ८१ वर्षांचे वडील न्हाणीघरात पडले. फोन खिशात होता, लाइलने वाखाणलेला तोच. त्यांनी चार वेळा तीन शून्य लावलं, पलीकडे काही नाही. मग रोझलिनला लावला, तो लागला, पण ती कामावर होती आणि फोन कपाटात. दोन तास ते फरशीवर पडून होते. खुबा मोडला, अजून चालता येत नाही. "बाबा रोज नाश्त्याला तुमचं लिखाण मोठ्याने वाचून दाखवायचे," तिने शेवटी लिहिलं होतं. "उत्तर इथे लिहू नका. हिंमत असेल तर फोन करा." खाली नंबर.

लाइल आधी चिडला. चिडून तो उत्तर लिहायलाही बसला, की टॉवरचा दोष असणार, फोनचा काय संबंध. अर्धं वाक्य झालं आणि बोटं थांबली. त्याने टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला. एकदा दाराकडे पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. एकोणसत्तर वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं, तीन वेळा शून्य दाबलं आणि फोन कानाला लावला.

घंटा नाही, आवाज नाही. त्याने मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले. मग पडद्यावर आलं, कॉल झाला नाही. परत लावला, परत तेच. मग घरात बायकोच्या नंबरवर लावला, तर तो पहिल्या घंटेला लागला. लाइलच्या तोंडचं पाणी पळालं. एवढा तारा ओळखणारा माणूस, आणि आगीच्या मोसमात गावभर मुके फोन वाटून बसला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

त्याने एकेकाला फोन लावायला घेतला. पाच जण गावातच होते आणि पाचही जण सापडले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या, एकाने विचारलं की मग टॉर्च तरी चालतो ना. लाइलने प्रत्येकाला सांगितलं, आत्ताच्या आत्ता शेजाऱ्याकडे जाऊन बस. राहिली नोरीन पास्को. तिचा फोन बंद होता.

बंद असणारच. 'फोन आपला नोकर, काम नसेल तेव्हा बंद करून ठेवा,' हेही लाइलचंच मत. आणि घरचा तारेचा फोन तिने मागच्या वर्षी काढून टाकला, तोही लाइलनेच दोन-दोन फोन कशाला म्हटल्यावर. नोरीन त्याच्या जिवलग मित्राची, कीथची, बायको. कीथ जाऊन तीन वर्षं झाली. बाई बहात्तरची, दम्याची, गावापासून बावीस किलोमीटरवर दोन कुत्री आणि वीसेक मेंढ्या घेऊन एकटी राहायची. आगीच्या दिवशी लवकर निघ, असं सगळे सांगायचे, आणि ती दरवर्षी म्हणायची, बघते.

अकरा चाळीसला आगीच्या बंबाच्या शेडवरचा भोंगा वाजला. लाइल बाहेर आला तर वायव्येला धुराचा तपकिरी लोट उठलेला. पास्कोंची जमीन त्याच बाजूला. त्याने बंबाच्या ऑफिसला घरच्या फोनवरून नोरीनचं सांगितलं. तिथल्या बाईने नाव लिहून घेतलं आणि म्हणाली की सगळ्या गाड्या बाहेर आहेत, पोचतील तेव्हा पोचतील. बायको नको नको म्हणत असताना लाइल पिकअपमध्ये बसला.

वेशीच्या फाट्यावर स्वयंसेवकांनी रस्ता अडवला होता. पुढे कुणालाही सोडणार नाही, परत फिर. बरोबरच होतं त्यांचं, शहाणा माणूस परत फिरला असता. लाइल फिरला, पण अर्धा किलोमीटर मागे येऊन टेलिफोनच्या जुन्या खांबांखालच्या गाडीवाटेला लागला. ही वाट नकाशात नाही. चौतीस वर्षं तारा दुरुस्त करत ती त्यानेच तुडवलेली, कुठल्या खांबाशी फाटक आहे आणि कुठे ओढ्याचा खड्डा, सगळं पाठ. धूर जाड होत गेला तशी त्याने काच वर केली आणि खांब मोजत गाडी हाकली. पन्नासाव्या खांबापुढे धुरात दोन खांबांपलीकडचा तिसरा दिसेना. एक कांगारू धुरातून उडी मारून गाडीच्या नाकासमोरून गेलं. लाइल मोठमोठ्याने कीथशी बोलत होता, की बाबा रे, तुझी बायको मीच मारली म्हणून वर आल्यावर मला धरू नकोस.

नोरीनच्या घराशी पोचला तेव्हा सूर्य तांबडा वाटोळा दिसत होता आणि अंगणात राख पडत होती. मेंढ्या उघड्या मातीच्या वाड्यात कोंडलेल्या, पाण्याची टाकी भरलेली. हाक मारली. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मागचं दार कधीच कुलूपबंद नसायचं, तो आत शिरला. खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं. कुणीच नाही.

स्वयंपाकघरात टेबलावर फोन होता. त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने कागद लावलेला, त्यावर नोरीनचं ठसठशीत अक्षर. 'यावरून तीन शून्य लागत नाही. आधी डार्सीच्या घरी लावणे. १९ नोव्हेंबर.'

लाइल खुर्चीत बसला. बाहेर वारा पत्रे वाजवत होता आणि हा माणूस तो चार ओळींचा कागद वाचत होता, पुन्हा पुन्हा. नोव्हेंबर. तिला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. इथून निघायला हवं हे त्याला सुचलंच नाही.

सुचलं ते डार्सी हॉकिंगला. डार्सी शेजारचा शेतकरी. पिकअपवर पाण्याची टाकी आणि पंप बांधून तो कुंपणाकुंपणाने आग विझवत फिरत होता. अंगणात लाइलची गाडी पाहून तो धडक आत आला.

"अरे म्हाताऱ्या, अक्कल कुठे गहाण ठेवलीस? नोरीन सकाळी सातलाच गेली, माझ्या बायकोबरोबर. उठ. वारा फिरतोय."

वारा फिरला तो ते डार्सीच्या गाडीतून जेमतेम बांधापर्यंत पोचल्यावर. डार्सीने गाडी थेट जळून काळ्या झालेल्या शेतात घातली. जळालेलं परत जळत नाही, एवढाच त्यातला हिशोब. काचा लावून दोघं आत बसून राहिले. आग घराच्या अलीकडून दक्षिणेला धावत गेली, अंगणात राहिलेल्या लाइलच्या पिकअपचे टायर पेटले, आणि लाइल खिशातून फोन काढून नकळत तीन शून्यं दाबत होता.

दुपारी तीनच्या सुमारास डार्सीने त्याला फुटबॉलच्या मैदानावर आणून सोडलं. तिथे क्लबच्या हॉलमध्ये गाव जमलेलं होतं. नोरीन मोठ्या किटलीतून चहा ओतत होती, पायाशी दोन्ही कुत्री. तिला पाहून लाइलच्या जिवात जीव आला, आणि लगेच रागही आला. घर उभं आहे, मेंढ्या वाचल्या, हे डार्सीने सांगितलं. लाइलने तिच्या घरून खिशात घालून आणलेला, कागद लावलेला फोन तिच्यापुढे ठेवला.

नोरीनने त्याच्या राखेने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं. "मेल्या, तू तिकडे गेला होतास?"

"तुला नोव्हेंबरपासून माहीत होतं."

तिने हळूहळू सांगितलं. नोव्हेंबरात दम्याचा झटका आला, तीन शून्य लावलं, लागलं नाही. डार्सीच्या बायकोला लावला, तिने हॉस्पिटलात पोचवलं. घाबरल्यावर विसरायला नको म्हणून कागद लावला.

"मला का नाही सांगितलंस, नोरीन?"

"काय सांगू? कीथ गेल्यापासून तू नुसता त्या शेडमध्ये बसलेला. फोन वाटत फिरत होतास तेव्हा पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर जरा हसू दिसलं. म्हटलं, माझी मी सोय केली आहे, कशाला याचं मन मोडा." ती थोडी थांबली. "आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? म्हणाला असतास, टॉवरचा दोष."

सकाळी शेडमध्ये लाइलने तेच शब्द टाइप करून ठेवले होते. मग त्याने तिला रोझलिनच्या वडिलांचं सांगितलं. न्हाणीघर, दोन तास, मोडलेला खुबा.

"कधी पडले ते?" नोरीनने विचारलं.

"डिसेंबरात."

नोरीनने किटली खाली ठेवली. तिची नजर कागदावरच्या तारखेवर गेली आणि तिथेच राहिली. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी तुला सांगितलं असतं आणि तू ते लिहिलं असतंस तर—" एवढंच म्हणाली आणि पदार्थांच्या टेबलाशी रांगेत उभ्या लोकांकडे पाठ करून उभी राहिली. लाइलला वाटलं की तिला म्हणावं, चूक माझी आहे, तुझी नाही. ते खरंही होतं. पण ते म्हटल्याने तिची तारीख पुसली जाणार नव्हती. तो तिच्याशेजारी नुसता उभा राहिला.

जरा वेळाने तिने नाक पुसलं. "त्या बाईचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

होता. शेडमधून निघताना त्याने सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतला होता. हॉलच्या भिंतीवर क्लबचा जुना तारेचा फोन टांगलेला, त्याची जोडणी वीस वर्षांपूर्वी लाइलनेच केलेली. दोघं तिथे गेले. नोरीन नंबर वाचत गेली आणि लाइल दाबत गेला.

पलीकडे बाईने हॅलो म्हटलं. नोरीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी लाइल ट्रेगेन्झा," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी न तपासता लिहिलं. तुमचे वडील कसे आहेत?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. लाइलने नकळत आकडे मोजायला सुरुवात केली, सकाळसारखी. सव्वीसपर्यंत आला.

"ते इथेच आहेत, नाश्त्याच्या टेबलाशी," रोझलिन म्हणाली. "आता दिवसभर तिथेच असतात. थांबा, त्यांना देते. त्यांनाच विचारा."

फोन हातातून हातात जाताना खरखर झाली. लाइलने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हाताऱ्याच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला.